दर पाचव्या खांबाला

दिनांक ५ डिसेंबर १९८३, वार सोमवार, सायंकाळचे साडेपाच. स्थळ सातारा शहर, वरचा रस्ता, म्हणजे ज्याला पाटीवर राजपथ म्हटले आहे तो, आणि त्यावर मोती चौकाकडून पोवई नाक्याकडे जाताना उजव्या हाताला लागणारा विजेचा पाचवा खांब. या वेळी आणि या ठिकाणी मी माझ्या पत्नीला थांबवले आणि म्हणालो, "प्यायल्या."

"काय?" कुमुद म्हणाली.

"मुली पाणी पिल्या नाहीत. प्यायल्या."

"पिल्या हो. मी समोर उभी होते. दोन डाव खेळून आल्या होत्या, घागर रिकामी केली त्यांनी."

"त्यांनी पाणी घेतले याविषयी माझा वाद नाही. 'पिल्या' या रूपाविषयी आहे. 'पिणे' या धातूचे भूतकाळी रूप 'प्यायला' असे होते. तू 'गाणे'चे 'गाल्या' करतेस का?"

"मला गाता येत नाही."

"प्रश्न गाता येण्याचा नाही."

"मग चालता चालता सांगा ना. भाजीवाला बघतोय. त्याला वाटेल, आपण भांडतोय."

"व्याकरण ही चालता चालता सांगण्याची गोष्ट नव्हे," मी म्हणालो.

हे विधान असत्य होते. मी एका मुद्रणालयात मुद्रितशोधक होतो, वय एकोणतीस, आणि व्याकरण मी जेवताना, दाढी करताना, क्वचित झोपेतही सांगत असे. पाचव्या खांबापाशी मी थांबत असे ते व्याकरणासाठी नव्हे. तिथवर पोचेतो माझ्या डाव्या पोटरीत, धुणे पिळताना पडतो तसा पिळा पडत असे. पावलागणिक तो आवळत जाई आणि पुढचे पाऊल टाकणे अशक्य होई. मी थांबलो की दोन मिनिटांत तो सुटे, इतका की आपल्याला काही झाले होते हेच खोटे वाटावे. मग पुन्हा पाच खांब, पुन्हा पिळा. आमची फेरी कमानी हौदापर्यंत, म्हणजे वीस खांबांची असे. जाताना चार वाद, येताना चार.

हे मी तिला का सांगितले नाही, याचे उत्तर आमच्या लग्नात आहे. कुमुद मुलींच्या शाळेत खेळशिक्षिका होती आणि तिच्या खो-खोच्या संघाने जिल्ह्यात तीनदा ढाल आणली होती. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी माझे शिक्षण, पगार, गोत्र सगळे विचारून घेतल्यावर, "तुला काही विचारायचंय का?" असे तिच्याकडे पाहून म्हटले, आणि तिने एकच प्रश्न केला: "तुम्हाला चालायला आवडतं का?" मी तीन पोटवाक्ये असलेले एक वाक्य रचून उत्तर दिले. ते संपेपर्यंत चहा गार झाला. पण त्याचा अर्थ 'हो' असा होता, आणि त्या होकारावर आमचे लग्न उभे होते. सात महिन्यांच्या आत ते विधान मागे घेणे मला प्रशस्त वाटेना.

दुसरे कारण मी स्वतःलाही सांगत नव्हतो. कोरेगावचे माझे मामा असेच थांबत थांबत चालायचे. त्यांची आधी दोन बोटे गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. मामा विड्या ओढायचे. मी विडी ओढत नसे. मी सिगारेट ओढत असे, रोज बारा, आणि या भेदावर मी तेव्हा फार विसंबून होतो.

कुमुद खो-खोची पंच होती, आणि पंच घरी आल्यावरही पंचच राहते. दूध उतू गेले की ती पातेल्याकडे बोट करून "बाद" म्हणायची. आलेला पाहुणा आढेवेढे न घेता दुसरी भाकरी वाढून घेई तेव्हा "नाबाद". माझ्या लेखनाविषयीचा तिचा निवाडाही ठरलेला होता. मी मासिकासाठी लिहिलेला एक निबंध तिला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "अहो, तुमचं एक वाक्य संपेपर्यंत माझ्या मुलींचा एक डाव संपतो. मध्ये शिट्टी तरी वाजवा."

डिसेंबरच्या मध्यावर तिच्यात एक पालट झाला, आणि मी तो माझ्या सहवासाचा परिणाम समजलो. तोवर मी थांबलो की ती, "बरं, प्यायल्या. चला," असे म्हणून वाद मिटवून टाकी. मग अर्ध्या मिनिटातच निघावे लागे आणि पिळा न सुटलेली पोटरी ओढत पुढचे खांब गाठणे जिवावर येई. आता ती वाद मिटवीना. उलट खांबाच्या जरा अलीकडेच तिच्या तोंडून काहीतरी चूक निघे, आणि मी थांबलो की पदर खोचून ती उभी राही.

"मी हेडबाईंना बोलले, मला नवी शिट्टी पाहिजे," ती एकदा म्हणाली.

मी थांबलो. "हेडबाईंना म्हणाले. बोलणे वेगळे आणि म्हणणे वेगळे."

"तोंड एकच ना?"

"तोंड एक असले तरी क्रियापदे दोन आहेत."

"म्हणजे मी बोलले आणि म्हणाले नाही, तर शिट्टी मिळणार नाही?"

"मिळेल. पण वाक्य अशुद्ध राहील."

"शिट्टी शुद्ध वाजली म्हणजे झालं. थांबा, मला पटलेलं नाही अजून. इथं कट्ट्यावर बसू आणि नीट सांगा. पहिल्यापासून."

आम्ही एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसलो. मी पहिल्यापासून सांगितले. तिने मध्ये चार शंका काढल्या. त्यांतल्या दोन इतक्या भलत्याच होत्या की उत्तर देताना मला पोटरीचा विसर पडला. शंका संपल्या तेव्हा ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "पटलं. चला." मला धन्य वाटले. भाषेची गोडी लागलेली बायको लाभणे हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येते, असा विचार करीत मी पुढचे पाच खांब चाललो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नवी चप्पल डाव्या अंगठ्याला चावली. उजव्या पायाला चावली असती तर चार दिवसांत खपली धरली असती. डाव्याची जखम सातव्या दिवशीही ओलीच होती, आणि तिच्याकडे पाहताना मला कोरेगावच्या ओसरीवर टेकवून ठेवलेल्या कुबड्या दिसल्या. सोमवारी, नऊ तारखेला, मुद्रणालयातून तासभर आधी निघून, घरी काही न सांगता मी डॉक्टर धनवड्यांकडे गेलो.

धनवडे साठीचे होते. ते आमच्या पेठेतल्या निम्म्या घरांचे डॉक्टर होते आणि पुष्कळशा लग्नांचे मध्यस्थही. मी स्टुलावर बसतो न बसतो तोच त्यांनी विचारले, "किती चालल्यावर दुखतं? दोनशे पावलं?"

"आपणांस कसे कळले?"

"अंदाज," ते म्हणाले आणि हात धुवायला वळले.

त्यांनी मला निजवले. जांघेत बोटे ठेवली, मान हलवली. गुडघ्यामागच्या लवणीत ठेवली, बराच वेळ ठेवली. मग घोट्याच्या आतल्या बाजूला, मग पावलावर. उजव्या पायाला तोच क्रम. कंपाउंडर मध्ये काही विचारायला आला, त्याला त्यांनी नजरेनेच घालवले.

"डाव्या पायाची नाडी जांघेत लागते. गुडघ्यामागं लागत नाही. खाली तर नाहीच," ते म्हणाले. "मांडीतली मोठी धमनी कुठंतरी बंद झाली आहे. इंग्रजी पुस्तकात या दुखण्याला लंगडणं म्हणतात. मधून मधून लंगडणं."

"मी लंगडत नाही," मी उठून बसत म्हणालो. "मी थांबतो. लंगडणारा चालत असतो, थांबणारा चालत नसतो. दोन्ही क्रिया एका नावाखाली घालता येणार नाहीत."

"नाव जुनं आहे, शेडगे."

"जुने असणे हा गुण आहे, पण ते चुकीचे आहे. आणि नावच चुकीचे असेल, तर निदानाविषयी शंका घ्यायला जागा राहते."

डॉक्टरांनी माझा उजवा तळहात धरून माझ्याच उजव्या पावलावर ठेवला, मग डाव्या. डावे पाऊल नुकत्याच भरलेल्या माठासारखे गार होते.

"आता घ्या शंका," ते म्हणाले.

मी हात पावलावरून काढून घेतला. तेव्हा त्यांनी स्टूल जवळ ओढले आणि आवाज खाली आणला. "मामांचा पाय तुमच्या डोक्यात आहे, ठाऊक आहे मला. मामा साठीचे होते आणि शेवटपर्यंत विडी सुटली नाही. तुम्ही तिशीच्या आत आहात. पन्नाशीच्या माणसाला मी हे सांगितलं नसतं, पण तुमच्या वयाचं शरीर वाट अडली की आडवाटा काढतं. विसर्जनाच्या दिवशी वरचा रस्ता बंद असतो. म्हणून खालच्या पेठा उपाशी राहतात का? बोळाबोळांनी दूध येतं, भाजी येते."

"उपमा सदोष आहे," मी म्हणालो. "बोळ आधीपासून असतात."

"तुमच्या मांडीतही आहेत. अरुंद आहेत, कुणी वापरत नाही. रहदारी वाढली की रुंद होतात."

"रहदारी वाढली म्हणून सातारचा एकही बोळ आजवर रुंद झालेला नाही. त्याला नगरपालिकेचा ठराव लागतो."

"तुमच्या मांडीत नगरपालिका नाही," धनवडे शांतपणे म्हणाले, "म्हणून तर आशा आहे."

त्यांनी पुण्याच्या एका शल्यविशारदांना चिठ्ठी दिली. घरी मी सांगितले की पुण्यात शुद्धलेखनाविषयी दोन दिवसांची परिषद आहे. कुमुदने काही विचारले नाही. माझी पिशवी तिने भरली; रात्री दवाखान्याच्या खाटेवर ती उघडली तर धोतर आणि टॉवेल यांच्यामध्ये लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड निघाले. मी परत आल्यावर त्याचे कारण विचारले, तर ती म्हणाली, "परिषदेत पाय गार पडतात म्हणे."

पुण्याला त्यांनी जांघेतून रंगद्रव्य सोडून फोटो काढले. फोटोत मांडीतली धमनी एका ठिकाणी, चार बोटे लांबीची, पुसून टाकल्यासारखी नाहीशी होती आणि गुडघ्याच्या वर पुन्हा उगवत होती. शल्यविशारद तरुण होते आणि मोजके बोलायचे. पायातलीच दुसरी शीर काढून त्या जागी जोडता येईल, ते म्हणाले; पण धनवडे थांबायला सांगत होते आणि त्यांनाही ते मान्य होते. मुदत बारा आठवडे. तंबाखू बंद, कमी नव्हे, बंद. जखम कोरडी ठेवायची. रोज चालायचे, दुखेल तोवर चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. "बारा एप्रिलला या. तोवर न थांबता हजार पावलं जमली तर बोलू. जमली नाहीत आणि जखम पसरली, तर शस्त्रक्रिया. आणि ती यशस्वी होईलच असं मी लिहून देणार नाही."

हजार पावले म्हणजे पंचवीस खांब. मी पाचव्याला थांबत होतो.

सिगारेट सोडल्याचे मी घरी जाहीर केले, पण कारण वाङ्मयीन दिले: धुरासाठी थांबावे लागते आणि त्याने वाक्याचा ओघ तुटतो. कुमुदने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग आता वाक्यं आणखी लांब होणार." पण त्या दिवसापासून रात्रीच्या जेवणानंतर माझ्यापुढे बडीशेपेची वाटी येऊ लागली. संध्याकाळच्या फेरीची वेळही तिने, शाळा लवकर सुटते असे सांगून, पाऊण तासावरून सव्वा तासावर नेली.

पहिले तीन आठवडे काही घडले नाही. जखम तेवढी सुकली. मग एके दिवशी मी सहाव्या खांबाला थांबलो, आणि चार दिवसांनी सातव्याला. हा आनंद मला कोणाला सांगता येत नव्हता. कारण सांगायचे तर आधीचे दुःख सांगावे लागले असते. सातव्या खांबावर गाडी अडली ती अडलीच. फेब्रुवारी सरत आला. मुद्रणालयात वार्षिक अंकाची घाई होती, मालकांनी माझ्यापुढे मुद्रितांची चळत ठेवली, तिच्यावर आपले सिगारेटचे पाकीट ठेवले आणि म्हणाले, "घ्या, शेडगे. आज उशीर होणार." मी एक घेतली. अर्धी ओढली आणि मग, चूक सापडल्यावर तिच्यावर काट मारावी तशी, टेबलाच्या पत्र्यावर विझवून टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा पाचव्याला थांबलो. कदाचित ते भीतीनेच असेल.

"'हळदीकुंकू संपन्न झालं' असे तू आता म्हणालीस," मी सुरुवात केली. "संपन्न म्हणजे समृद्ध. कार्यक्रम समृद्ध होत नसतो. पार पडतो."

कुमुद माझ्याकडे पाहत राहिली. नेहमीची शंका न काढता म्हणाली, "आज तुमच्या व्याकरणाला वास येतोय."

"कसला?"

"अर्ध्या सिगारेटचा. अख्खीचा वेगळा येतो. कोट कालचाच घातलाय तुम्ही."

मी खांबाला हात टेकून उभा होतो. तिने नजर माझ्या पायाकडे नेली नाही, रस्त्याच्या पलीकडे नेली. "खो-खोत एखादी मुलगी बसल्या जागेवरून लवकर उठली की मी तिला ओरडत नाही," ती म्हणाली. "परत बसवते. पुढचा खो मिळेपर्यंत बसायचं असतं, एवढंच सांगते. आता सांगा, कार्यक्रम पार पडतो म्हणजे कुठून पडतो?"

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला सहा मिनिटे लागली. त्यानंतर मी सिगारेटला हात लावलेला नाही. आज या गोष्टीला चाळीस वर्षे होऊन गेली.

मार्चमध्ये खांब भराभर मागे पडू लागले. नऊ, अकरा, चौदा. पिळा पडायचा, पण उशिरा आणि सैल. आणि कधी कधी तो आला म्हणता म्हणता चालण्यातच विरघळून जाई. साहजिकच वाद कमी झाले. आठांचे सहा झाले, सहांचे तीन. गुढीपाडव्याच्या सुमाराला आम्ही अख्ख्या फेरीत एकदाच थांबलो, आणि मला माझ्या मनाची गंमत वाटली: दुखणे जावे म्हणून मी रोज देवाला हात जोडत होतो, आणि वाद गेल्याची मात्र मला चुटपुट लागली होती. कुमुदच्या चुकाही पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या. चार दिवसांत एक. शिकवणीचे फळ, मी म्हणत असे.

मंगळवार, दहा एप्रिल. पुण्याला जायला दोन दिवस होते, आणि त्यासाठी मी आणखी एक परिषद योजून ठेवली होती. मोती चौकातून निघताना कुमुद म्हणाली, "आज नाक्यापर्यंत जाऊ."

"पोवई नाक्यापर्यंत? ते बेचाळीस खांब आहेत."

"तुम्ही खांब मोजता?"

"मोजत नाही," मी म्हणालो. "अनुमान."

पाचवा खांब गेला. दहावा गेला. बाराव्याला ती म्हणाली, "आज मुली पाणी पिल्या आणि..."

"प्यायल्या," मी म्हणालो आणि चालत राहिलो.

"तेच. मग मी त्यांना बोलले..."

"म्हणाले."

"की वर्गशिक्षिकेची मदत करा..."

"वर्गशिक्षिकेला मदत करा. वर्गशिक्षिकेची मदत घेतात, तिची मदत करत नाहीत."

"कारण समारंभ संपन्न व्हायचाय."

"पार पडायचा आहे."

अशा चुका ती एकामागून एक, पायरीवर पायरी रचावी तशा करीत गेली, आणि मी त्या चालता चालता दुरुस्त करीत गेलो. कमानी हौद केव्हा मागे पडला ते मला कळले नाही. पोटरी तापली होती, ओढ बसत होती. पण पिळा पडला नव्हता. नाक्याच्या वळणावर ती अचानक थांबली. मी चार पावले पुढे गेलो आणि वळलो. आमच्या फेऱ्यांत ती आधी थांबल्याची ती पहिली वेळ होती.

तिने पर्समधून शाळेची जुनी गुणपत्रकाची वही काढली, खो-खोच्या सामन्यात पंचांच्या टेबलावर असते तसली. उघडून माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर तारीख बारा डिसेंबर. तिच्यापुढे खांबाचा आकडा, वादाचा विषय आणि वेळ. 'खांब ५. बोलणे/म्हणणे. ३ मि. १० से. डावं पाऊल उचलून धरलं.' 'खांब ५. सुरवात/सुरुवात. २ मि. ४० से.' पुढे पानेच्या पाने. फेब्रुवारीच्या अखेरीस एका ओळीत फक्त 'अर्धी' असे लिहिले होते. शेवटच्या पानावर आजची तारीख होती आणि खांबाचा रकाना मोकळा होता.

"तुला ठाऊक होते," मी म्हणालो.

"तुम्ही थांबलात की डाव्या पायाची बोटं आखडतात. दिवसभर मी मुलींचे पायच बघते. डिसेंबरात मी धनवड्यांकडे गेले. ते म्हणाले, घेऊन या. मी म्हटलं, आणलं तर इथंच वाद घालतील आणि उपचार राहील बाजूला. त्यांना आपणहून येऊ दे. संक्रांतीपर्यंत आले नाहीत तर ओढून आणते."

"मी नऊ तारखेला गेलो."

"पाच दिवस राहिले होते," ती म्हणाली. "दोरी काढून ठेवली होती मी."

मी वहीची पाने उलटली. काही वाद साडेपाच मिनिटांचे होते. आता एकेक आठवू लागले: कट्टे, शंका, 'पहिल्यापासून सांगा'.

"म्हणजे तू मुद्दाम चुकत होतीस."

"बारा डिसेंबरपासून. त्याआधीच्या चुका माझ्या स्वतःच्या होत्या. मी वाद लवकर सोडला की तुम्ही दुखऱ्या पायावर निघायचात. मग मला अडवून धरावं लागायचं. तुमची बोटं सैल झाली की मला पटायचं."

"चार महिने मी वाद जिंकत होतो."

"पाय जिंकत होता. तुम्ही नुसते बोलत होतात."

नाक्यावर एस.टी. वळत होती, तिच्या आवाजात मला एक मिनिट उसंत मिळाली. मग मी सगळे सांगितले: परिषद नव्हती, चार बोटांची बंद धमनी, हजार पावले, कोरेगावच्या कुबड्या. ते मी एकही पोटवाक्य न वापरता सांगितले. ती ऐकत होती. शेवटी मला आणखी काही म्हणायचे होते आणि शब्द निवडायला धीर नव्हता, म्हणून जे तोंडात आले ते म्हणालो: "तू माझी एवढी मदत केलीस आणि मी..."

"मला," कुमुद म्हणाली.

"काय?"

"मला मदत केलीस. माझी मदत नाही."

मी वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटले. तिने वही परत घेतली, आजच्या तारखेपुढच्या मोकळ्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि आम्ही खालच्या रस्त्याने घरी आलो.

पुण्याला आम्ही दोघे गेलो. शल्यविशारदांनी मला दवाखान्याच्या लांब ओवरीतून फेऱ्या मारायला लावल्या. हजारावर तेच मोजायचे थांबले. मग त्यांनी घोट्याला पट्टा बांधून रक्ताचा दाब घेतला, जानेवारीच्या कागदाशी ताडून पाहिला, गुडघ्यामागे आणि पावलावर बोटे ठेवली आणि पुन्हा त्या कागदाकडे वळले. माझा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. कुमुदने त्यावर आपला ठेवला नाही, पण तिची शिट्टी तिने मुठीत घट्ट धरली होती.

"मोठी धमनी अजून बंदच आहे," ते म्हणाले. "नाडी पावलात लागत नाही. पण दाब जवळजवळ दुप्पट झालाय. आडवाटांनी पुरेसं रक्त खाली येतंय. शस्त्रक्रियेची गरज नाही. तंबाखूला पुन्हा शिवलात तर आहे."

मला हायसे वाटले. आणि हायसे वाटले की माझी बुद्धी ताबडतोब कामाला लागते. "क्षमा करा," मी म्हणालो, "परंतु यात एक विसंगती आहे. धमनी बंद आहे असेही आपण म्हणता, आणि पाय बरा आहे असेही. जी गोष्ट दुरुस्त झालेली नाही ती बरी झाली, हे विधान तर्काला धरून नाही. एकतर आपण म्हणावे की..."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, मग कुमुदकडे.

"हे नेहमी असंच बोलतात का?" त्यांनी विचारले.

"हो," ती म्हणाली. "पण आधी थांबून बोलायचे."

"मग मी काय लिहू कागदावर?"

तिने मुठीतली शिट्टी सोडली, मला एकदा डोक्यापासून डाव्या पावलापर्यंत पाहून घेतले आणि म्हणाली, "नाबाद."